बिनखुणेची पँट

लाँड्रीवाल्या मावशींच्या तोंडाला लागायची गल्लीत कुणाची हिंमत नव्हती. कॉलरवर शाईचा डाग घेऊन आलेल्या माणसाला त्या असं काही झाडायच्या, की पुढच्या वेळी तो शर्ट बायकोच्या हाती पाठवायचा. बायकोलाही सूट नव्हतीच. पण याच बाईच्या पोटात गल्लीतली निम्मी गुपितं होती आणि त्यातलं एकही कधी ओठांवर आलं नव्हतं. आता बोला.

याचं कारण खिसे. कपडे मशीनमध्ये टाकायच्या आधी प्रत्येक खिसा उलटा करून बघायचा, ही लाँड्रीची पहिली शिस्त. एक पेन राहिलं तर घाणाभर कपडे निळे होतात. त्यामुळे सगळ्यांचे खिसे मावशींच्या हातून जायचे. ऑफिसात अडकलो होतो असं घरी सांगणाऱ्याच्या खिशात सिनेमाची दोन तिकिटं निघायची. पोरांनी लपवलेले परीक्षेचे कागद निघायचे. एकदा एका गंभीर चेहऱ्याच्या गृहस्थाच्या कोटातून बाईच्या कानातला एकच डूल निघाला होता. मावशी जे निघेल ते कागदाच्या पुडीत बांधायच्या, पुडी कपड्यांच्या गठ्ठ्याला टाचायच्या आणि विषय संपवायच्या. खिशातलं खिशात, असं त्या म्हणायच्या. त्या गृहस्थांची बायको एकदा मुद्दाम गप्पा मारायला येऊन बसली, इकडून तिकडून खोदून बघितलं. मावशींनी तिला तासभर स्टार्चबद्दल सांगितलं. बाई डोकं धरून घरी गेली.

दुकानात मावशी, त्यांचे यजमान आणि मुलगा. यजमानांना सगळे इस्त्रीवाले काका म्हणत. ते खिडकीशी उभे राहून इस्त्री करायचे आणि बोलायचं सगळं काम बायकोवर सोडून द्यायचे. मुलगा जन्मला तेव्हा उशीच्या अभ्र्यात मावेल एवढा होता, म्हणून त्याचं नाव पडलं बारक्या. आता दहावीत होता, बापापेक्षा वीतभर उंच होता, तरी बारक्याच. आणि मावशींचा सगळा जीव या पोरात अडकलेला. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बारक्याचे मार्क ऐकावे लागायचे. बारक्या डॉक्टर होणार हेही ऐकावं लागायचं. लोकांना घाई असायची, एका हातात गठ्ठा, दुसऱ्या हातात मुलाचं दप्तर, पण बारक्याची गणितातली प्रगती पूर्ण ऐकल्याशिवाय सुटका नव्हती.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लाँड्रीत कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घराची एक खूण असते. मावशी दोऱ्याची खूण करायच्या. पँटच्या पायाची जी आतली मुडप असते, तिथे रंगीत दोऱ्याचे टाके. बँकवाल्यांचा हिरवा, शाळेतल्या बाईंचा जांभळा, असं. शाळेच्या राखाडी पँटी तर सगळ्या सारख्याच, तिथे दोरा नसेल तर देवालासुद्धा ओळखू येणार नाहीत. घरच्या कपड्यांना मात्र खूण नसायची. आपल्याच कपड्यांना कोण कशाला खूण करेल?

तर एका दुपारी राखाडी पँटींच्या ढिगातल्या एका पँटच्या मागच्या खिशात मावशींना प्लास्टिकची छोटी पिशवी सापडली. आत काही गोळ्या होत्या, त्यातली एक अर्धी. मावशींनी सवयीने मुडप उलटवून बघितली. दोरा नव्हता.

तुमच्या लक्षात आलं असेल. मावशींच्या नाही आलं. आणि यात त्यांना वेड्यात काढायचं कारण नाही. घरचे कपडे त्या दुकान बंद करताना वेगळे धुवायच्या, गिऱ्हाइकांच्या ढिगात ते कधीच नसायचे. त्या दिवशी बारक्याने शाळेतून येऊन घाईत पँट बदलली आणि भलत्याच ढिगावर फेकली. आणि इतक्या वर्षांचा मावशींचा अनुभव असा, की दोरा नाही म्हणजे दोरा निघाला. दोरा निघतो कुणाचा? ज्याची मुडप सारखी उसवावी लागते त्याचा. आणि अशी एकच पँट होती. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांच्या लंबूची. बारक्याच्याच वर्गातला हा मुलगा दर दोन महिन्यांनी पँटच्या बाहेर वाढायचा आणि त्याची आई मुडप सोडत बसायची. झालं, मावशींचा हिशोब पक्का झाला.

त्यांनी पिशवी पदराआड धरली आणि शेजारच्या औषधाच्या दुकानात गेल्या. मेडिकलवाल्यांनी गोळ्या उजेडात धरल्या, मग आवाज खाली आणला. ही घबराटीवर द्यायची औषधं आहेत, म्हणाले, चिठ्ठीशिवाय आम्ही हात लावत नाही, पण कुठून तरी येतात आणि शाळांच्या मागे पोरांमध्ये फिरतात. आधी भीती जाते, बरं वाटतं, आणि मग गोळीशिवाय चालेनासं होतं. कुणाच्या आहेत, असं त्यांनी विचारलं. मावशींनी पिशवी पुन्हा पदराआड घेतली आणि त्या परत आल्या. लंबू त्यांच्या डोळ्यांपुढे वाढलेला पोरगा. सायकल शिकताना त्यांच्याच पायरीवर आपटला होता.

आता काय करायचं? पुडी बांधून परत द्यायची? ते शक्यच नव्हतं. त्याच्या बापाला सांगायचं? बाप शिकाऊ लोकांशी गाडीत अगदी गोड बोलायचा आणि तो सगळा साठलेला राग घरी काढायचा. पोराला बदडून काढलं असतं. मग पोरगा पुढच्या वेळी खिसा स्वतःच रिकामा करून पँट टाकणार, आणि कुणाला काही कळायची सोय राहणार नाही. मावशींनी ठरवलं, आपणच बोलायचं. थेट पोराशी. आयुष्यात पहिल्यांदा त्या खिशातलं काहीतरी बाहेर काढणार होत्या, आणि तेही ज्याचा खिसा त्याच्याच पुढे.

पण बोलायचं कसं? इथे बाई अडली. चप्पल बाहेर काढ, ओल्या कपड्यांना हात लावू नकोस, यापलीकडे त्या पोरांशी कधी बोलल्या नव्हत्या. त्यांच्या जिभेला दोनच चाली ठाऊक होत्या, झाडणं आणि कौतुक. तिसरी हवी होती. तेव्हा त्यांना वाटलं, घरात त्याच वयाचा, हुशार मुलगा आहे. त्यालाच विचारावं.

रोज संध्याकाळी जवळच्या एका लॉजमधून धुवायला आलेल्या चादरी घडी करायच्या असायच्या. मोठी चादर एकट्याने घडी होत नाही. काकांची कंबर धरलेली, म्हणून दुसरं टोक बारक्याकडे. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मागे सरून चादर ताणायची, झटकायची, मग चालत जवळ येऊन टोकाला टोक मिळवायचं. पुन्हा मागे, पुन्हा जवळ. असं करता करता मावशींनी सांगितलं, की तुझ्या वर्गातल्या एका मुलाच्या खिशात असं असं सापडलंय, नाव मी सांगणार नाही, विचारूही नकोस. बारक्याच्या हातातलं टोक सैल पडलं. ताण की नीट, मावशी ओरडल्या. बारक्याने ताणलं.

त्या संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, की काही बोलू नकोस त्याच्याशी. मावशी म्हणाल्या, डोकं फिरलंय का तुझं? पोरगं बुडतंय आणि मी चादरी मोजत बसू?

दुसऱ्या दिवशी त्या भाषण तयार करून आल्या. तुझ्या आईबापांनी रक्ताचं पाणी केलं, पोटाला चिमटा काढून तुला शिकवलं, आणि तू हे पांग फेडतोस, अशी सुरुवात होती. पुढे त्या कुठल्यातरी दूरच्या पुतण्याच्या मरणापर्यंत जाणार होत्या. बारक्याने मध्येच थांबवलं.

“हे ऐकून तो अजून दोन गोळ्या खाईल,” तो म्हणाला.

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मावशींनी त्याची बिनपाण्याने केली असती. पण त्या गप्प बसल्या. आणि इथे या बाईला मानलं पाहिजे. एवढी तोंडाळ बाई, सगळी गल्ली जिला टरकून असायची, ती पोटच्या पोराकडून धडे घ्यायला उभी राहिली. आईबापांच्या कष्टांचं काढू नकोस, बारक्या म्हणाला, ते त्याला रोज दिसतात, त्याचंच तर ओझं असतं. मेलेल्यांच्या गोष्टी सांगू नकोस, त्याला गोळ्या देणारी पोरं त्याच्यासमोर जिवंत आहेत आणि हसतायत. का घेतोस असं आल्या आल्या विचारू नकोस, त्याचं उत्तर त्याला येत नसेल. मग बोलू तरी काय, मावशी वैतागल्या, नुसती त्याच्या तोंडाकडे बघत बसू? हो, बारक्या म्हणाला, थोडा वेळ तसंच. आणि तो बोलायला लागला की मध्ये काही घालू नकोस.

मावशींनी हे सगळं मनावर घेतलं. कामात त्यांच्या ओठांची हालचाल चालू असायची, काकांना वाटलं बायको जप करायला लागली. लंबू गठ्ठा घेऊन आला की त्या त्याला बिस्किटाचा पुडा द्यायच्या आणि काही न बोलता त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. पोरगा बावचळून जायचा. पण बिस्किटं खायचा.

मग एका संध्याकाळी मावशी म्हणाल्या, आता रंगीत तालीम करू, समज तू तो मुलगा आहेस. समजतो, बारक्या म्हणाला. दोघे चादर ताणून उभे होते. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या, शिकवल्याप्रमाणे. मग हळूच विचारलं, “झोप लागते का रे तुला?”

बारक्याने चादरीची कड सारखी केली. मग म्हणाला, नाही लागत. कधीपासून, मावशींनी विचारलं. सहामाहीपासून, तो म्हणाला. छातीत धडधडतं, पेपर समोर आला की वाचलेलं सगळं पुसून जातं. मावशींना हसूच आलं. काय सोंग वठवतोस रे, म्हणाल्या, अगदी खरं वाटलं.

बारक्या चालत जवळ आला, टोकाला टोक लावलं, पण नेहमीसारखा मागे गेला नाही.

“आई, तू त्याची आई असतीस तर काय केलं असतंस?”

मावशींनी विचार केला. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

“आधी एक कानाखाली वाजवली असती. मग स्वतःच रडत बसले असते. मग त्याला म्हटलं असतं, बाबा रे, नापास हो, गल्लीत झाडू मार, काय वाटेल ते हो. पण मला न सांगता काही होऊ नकोस.”

“मग वाजव,” बारक्या म्हणाला.

मावशींना आधी काही कळलंच नाही. मग ती राखाडी पँट डोळ्यांपुढे आली, तिची मुडप आली, आणि तिथे दोरा नसण्याचं दुसरं, साधं, सरळ कारण आलं. अगं बाई. आपल्या कपड्यांना खूण नसतेच. साऱ्या गल्लीचे खिसे ओळखणारी ही बाई स्वतःच्या पोराची पँट हातात घेऊन शेजारच्याच्या पोरावर दया करत बसली होती. हात उचलावासा वाटला नाही, रडूही फुटलं नाही. त्यांना फक्त भयंकर भीती वाटली.

आणि त्या गप्प राहिल्या. त्या गप्प बसण्याची किंमत ज्याने मावशींना ओळखलं आहे त्यालाच कळेल. का, कुणी दिल्या, तुला काय कमी केलं होतं, सगळं घशापर्यंत आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि पोराच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. बारक्या बोलायला लागला. गणिताच्या क्लासमधल्या एका मोठ्या मुलाने पहिली गोळी चाचणीच्या आधी दिली होती. धडधड थांबली, हात थरथरायचे थांबले. मग प्रत्येक चाचणीला. मग चाचणी नसतानाही. मार्क कधीच घसरले होते, तो घरी खोटे सांगत होता. कारण तू दुकानात सगळ्यांना सांगतेस ना, तो म्हणाला, की मी डॉक्टर होणार. रोज कुणाला तरी सांगतेस.

अरे, ते कौतुकाने रे, असं मावशींच्या अगदी जिभेवर आलं होतं. तेही त्यांनी गिळलं. ते खरं होतं, पण त्या वेळी बोलायची पाळी त्यांची नव्हती.

सगळं सांगून झाल्यावर बारक्याने विनवलं, बाबांना सांगू नकोस. तूच म्हणतेस ना, खिशातलं खिशात.

“खिशात होतं तोवर मी कुणाला सांगितलं नाही,” मावशी म्हणाल्या. “आता तू तोंडाने सांगितलंस. आता ते तिघांचं.”

काकांनी ऐकलं. इस्त्री बंद केली, स्टुलावर बसले. मग पोराला विचारलं, काही खाल्लंस का. दुसऱ्या दिवशी भर कामाच्या वारी लाँड्रीला कुलूप दिसलं, आणि लोकांना वाटलं, नक्की कुणीतरी गेलं. तिघे डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की या गोळ्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, मी सांगेन तशा कमी करायच्या, आणि त्याला दर आठवड्याला एका समुपदेशकाशी बोलायला पाठवायचं. बजावताना त्या मावशींकडे बघत होत्या. मावशींनी मान डोलावली. मग त्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटल्या, क्लासच्या सरांना भेटल्या, शाळेमागच्या गल्लीत काय फिरतंय ते सांगितलं आणि एकाही मुलाचं नाव घेतलं नाही. तिथे मात्र त्यांनी जिभेला मोकळं सोडलं. सरांना घाम फुटला म्हणतात.

लगेच सगळं छान झालं, असं कुणी समजू नये. बारक्या रात्र रात्र जागायचा, चिडचिड करायचा, एकदा ताट भिरकावलं. मावशींनी दुकानात त्याचं नाव काढणं बंद केलं. कुणी विचारलंच, काय म्हणतोय तुमचा डॉक्टर, तर म्हणायच्या, जेवला, आता गाणी ऐकत पडलाय. लोकांना हे ऐकून फार चुकल्यासारखं वाटायचं.

आणि गल्लीतली पोरं चादरी धरायला यायला लागली. कशी ते सांगता येणार नाही. आधी लंबू आला, बिस्किटांच्या आशेने. मग त्याची बहीण आली. चादर ताणायची, झटकायची, जवळ यायचं, मागे जायचं, आणि मावशी गप्प असायच्या. एवढी गप्प बाई समोर असली की पोरांना राहवायचं नाही, काहीतरी बोलायचीच. कुणाला वर्गात चिडवत होते, कुणाला मोठ्या पोरांनी सिगारेट ओढायला लावली होती. मावशी ऐकायच्या आणि शेवटी एकच विचारायच्या, हे घरी कुणाला सांगशील, की मी बरोबर येऊ? त्या वर्षात मावशी बऱ्याच घरांच्या पायऱ्या चढल्या.

पण जिवाला घोर होता तो एकाचाच. गोळ्या थांबल्या होत्या. थांबलेल्या राहतील का, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नव्हतं. मावशी आता बारक्याचे खिसे बघत नव्हत्या. हात शिवशिवायचे, पण बघत नव्हत्या. त्याने त्याची पँट स्वतःच धुवावी असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. उद्या काही झालं तर ते पोराच्या तोंडूनच यायला हवं होतं, नाहीतर येणारच नव्हतं.

शनिवारी दुपारी काका गठ्ठे पोचवायला गेले होते, म्हणून मावशी इस्त्रीला उभ्या होत्या. टेबलावर वकीलसाहेबांचा पांढरा शर्ट होता, सोमवारी कोर्टात घालायचा. बाही झाली होती, पाठ चालू होती. बारक्या आत आला आणि टेबलापलीकडे उभा राहिला. मूठ आवळलेली होती.

“आई,” तो म्हणाला, “आज परत दिली, क्लासमधल्या त्या मुलाने. मी घेतली नाही.” मग त्याने मुठीकडे बघितलं. “खाल्ली नाही म्हणजे. हातात घेतली. फेकवत नाहीये.”

मावशींचा हात इस्त्रीच्या मुठीवरून निघाला होता. इस्त्री शर्टावर तशीच होती. त्या पोराच्या तोंडाकडे बघत राहिल्या. बारक्या बोलत होता. हळूहळू, मध्ये थांबत, कसं वाटलं ते सांगत होता, घरी येताना अर्ध्या वाटेवर परत फिरावंसं कसं वाटलं, ते सांगत होता. करपल्याचा वास आला. मावशींना तो सगळ्यात आधी येतो, बाकी कुणाला यायच्या कितीतरी आधी. त्या हलल्या नाहीत. धूर निघायला लागला तेव्हा मागच्या दाराने आलेल्या काकांनी काही न विचारता इस्त्री उचलली. तोवर बारक्याची मूठ उघडली होती आणि गोळी मावशींच्या तळहातावर होती.

सोमवारी सकाळी दुकानात येऊन वकीलसाहेबांनी शर्ट उलगडला. पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग होता, मधोमध भोक. त्यांचे कपडे इतकी वर्षं इथेच येत होते, आणि लाँड्रीचा एक टाका कधी इकडचा तिकडे झाला नव्हता. मावशींनी नवा शर्ट आणून ठेवला होता, तो त्यांच्यापुढे सरकवला. पण वकीलसाहेबांना कारण हवं होतं. एवढ्या हुशार बाईच्या लक्षात आलं नाही, हे कसं शक्य आहे, त्यांनी विचारलं.

“लक्षात आलं होतं,” मावशी म्हणाल्या. “पोरगं बोलत होतं, साहेब. मी इस्त्रीकडे बघितलं असतं तर ते थांबलं असतं.”